बांध कोण घालतो? विस्कॉन्सिनमधल्या मराठी मतदारांना खुलं पत्र

विस्कॉन्सिनमधल्या मराठी मंडळींनो, आणि त्यातही नागरिकत्वाची शपथ घेऊन एप्रिलच्या मतदानाला कधीच घराबाहेर न पडलेल्या मित्रमैत्रिणींनो,

सप्रेम नमस्कार.

मागच्या गणपतीत आपण शाळेच्या कॅफेटेरियात जेवायला बसलो होतो. शेजारच्या गृहस्थांना मी सहज विचारलं, एप्रिलला मतदान केलंत का? ते हसले. "अहो, मॅडिसनात आपल्या एका मताने काय होणार? इथला निकाल आधीच ठरलेला असतो." तेवढ्यात मसालेभात वाढणारी मुलगी मध्ये आली आणि विषय तिथेच राहिला. मला उत्तर सुचलं ते नेहमीप्रमाणे घरी गाडी लावताना. ते लांबलं, म्हणून हे पत्र.

एक गोष्ट आधीच सांगतो. २०१८ पासून मी निवडणुकीच्या दिवशी मतदान केंद्रावर काम करतो. टेबलावर बसलं की पक्षाचं अक्षर तोंडातून काढायचं नसतं. मत कुणाला द्या हे मी इथेही सांगणार नाही. मला बोलायचंय ते मतदारसंघांच्या नकाशाबद्दल आणि तो कोर्टात कसा लढला गेला त्याबद्दल. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एप्रिलच्या मतदानात निवडले जातात, म्हणून एप्रिलची एवढी आठवण.

त्या कॅफेटेरियाचंच उदाहरण घेऊ. समजा १०० माणसं जेवायला आली. ६० जणांना पुरणपोळी हवी, ४० जणांना श्रीखंड. पाच पंगती, प्रत्येकीत २० पानं. नियम असा, की पंगतीत ज्याचं बहुमत तोच पदार्थ त्या पंगतीला. आता माणसं बसवायचं काम श्रीखंडवाल्याकडे असेल तर? तो तीन पंगतींत ११ श्रीखंडवाले आणि ९ पोळीवाले बसवेल. राहिलेले ३३ पोळीवाले उरलेल्या दोन पंगतींत कोंबेल, सोबत तोंडी लावायला ७ श्रीखंडवाले. झालं! पाचपैकी तीन पंगतींना श्रीखंड. कुणाला पानावरून उठवलं नाही, मोजणीत लबाडी नाही. फक्त बसवलं.

विस्कॉन्सिनमध्ये हे २०११ साली झालं. २०१० च्या निवडणुकीत असेंब्ली आणि सेनेट ही विधिमंडळाची दोन सभागृहं आणि गव्हर्नरपद (इथला गव्हर्नर लोक निवडून देतात, आपल्या मुख्यमंत्र्यासारखा), तिन्ही रिपब्लिकन पक्षाकडे आलं, आणि ते नेमकं जनगणनेचं वर्ष होतं. जनगणना झाली की नवा नकाशा विधिमंडळ आखतं. राजधानी मॅडिसनमध्ये कॅपिटलच्या, म्हणजे विधिमंडळाच्या इमारतीच्या समोर, रस्त्यापलीकडे एका लॉ फर्मच्या कचेरीत एक खोली होती. तिचं नावच 'मॅप रूम'. आमदारांनी तिथे जायचं, गुप्ततेच्या करारावर सही करायची, आणि मग फक्त आपापल्या मतदारसंघाचा नकाशा बघायचा. कच्च्या नकाशांना 'असर्टिव्ह', 'अ‍ॅग्रेसिव्ह' अशी नावं दिलेली. बैठकीसाठी काढलेल्या टिपणात स्पष्ट लिहिलं होतं, की या खोलीत ऐकाल त्यापेक्षा बाहेरची जाहीर वक्तव्यं वेगळी असतील, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. हे सगळं पुढे कोर्टाच्या कागदपत्रांत आलं, म्हणून आपल्याला कळलं. खटला झालाच नसता तर कळलंही नसतं. कोर्टकचेऱ्यांना कंटाळलेल्यांनी एवढं श्रेय तरी कोर्टाला द्यावं.

२०१२ मध्ये असेंब्लीसाठी राज्यभरात रिपब्लिकन उमेदवारांना ४८.६ टक्के मतं पडली आणि ९९ पैकी ६० जागा मिळाल्या. २०१४ मध्ये ५२ टक्के मतं, ६३ जागा. २०१८ मध्ये गव्हर्नरपद डेमोक्रॅट टोनी एव्हर्स यांनी जिंकलं, असेंब्लीच्या मतांतही त्यांचा पक्ष पुढे होता, तरी रिपब्लिकन जागा ६३ च. (काही मतदारसंघांत समोर उमेदवारच नव्हता, त्यामुळे त्या वर्षीच्या मतांचा आकडा थोडा फुगलेला आहे. आणि डेमोक्रॅट मतदार मॅडिसन आणि मिलवॉकीत दाटीवाटीने राहतात, तेव्हा सरळ हाताने काढलेला नकाशाही थोडा रिपब्लिकनांकडे झुकतोच. हेही खरं आहे.)

या नकाशाविरुद्ध २०१५ मध्ये बारा मतदार कोर्टात गेले. त्यात पहिलं नाव होतं विल्यम व्हिटफर्ड यांचं, इथल्याच विद्यापीठात कायदा शिकवून निवृत्त झालेले प्राध्यापक. २०१६ मध्ये तीन फेडरल (केंद्रीय) न्यायाधीशांच्या खंडपीठाने दोन विरुद्ध एक मताने नकाशा घटनाबाह्य ठरवला. पण २०१८ च्या जूनमध्ये वॉशिंग्टनच्या सुप्रीम कोर्टाने तो निकाल बाजूला ठेवला. कारण ऐका, कॅफेटेरियातल्या आपल्या गृहस्थांनाही ते पटेल. कोर्ट म्हणालं, व्हिटफर्ड मॅडिसनमध्ये राहतात. त्यांचा मतदारसंघ कसाही आखला तरी तिथून डेमोक्रॅटच निवडून येणार. मग यांचं व्यक्तिशः नुकसान काय झालं?

म्हणजे "मॅडिसनात आपल्या मताने काय होणार" हा आपल्या पंगतीतला प्रश्न देशाच्या सर्वोच्च कोर्टाने जवळजवळ तसाच विचारला होता. व्हिटफर्ड यांचं म्हणणं असं होतं, की माझा आमदार माझ्या आवडीचा असला तरी सभागृहात त्याच्या पक्षाला कधी बहुमतच मिळणार नाही अशी तजवीज केली असेल, तर माझं मत फुकटच गेलं. मला हे म्हणणं बिनतोड वाटतं. पुढच्याच वर्षी, २०१९ च्या जूनमध्ये, नॉर्थ कॅरोलायना आणि मेरीलँडच्या खटल्यांत सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी दारच लावून घेतलं: पक्षीय फायद्यासाठी आखलेल्या नकाशांचा निवाडा करणं फेडरल कोर्टाचं काम नाही. या दोन खटल्यांत एक नकाशा रिपब्लिकनांचा होता, एक डेमोक्रॅटांचा.

उरलं राज्याचं सर्वोच्च न्यायालय. इथून गोष्ट मला घरची वाटायला लागते.

माझं गाव सांगली जिल्ह्यात, पलूस तालुक्यात. आमच्या उसाच्या रानाला लागून भावकीतल्यांचं रान. ते दरवर्षी नांगरताना वीतभर बांध कोरायचे. एका वर्षी काही दिसत नाही. दहा वर्षांनी बघाल तर दोन सऱ्या त्यांच्याकडे गेलेल्या. वडिलांनी मोजणी आणली, हद्दीचे दगड रोवले, पुढच्या पावसाळ्यात दगड गायब. मग तालुक्याचं कोर्ट. तिथे सगळी लढाई खरेदीखतातल्या चतुःसीमेच्या एका ओळीवर चालायची. ती ओळ तीच, पण दर वकिलाला तिच्यात वेगळंच रान दिसायचं.

विस्कॉन्सिनची राज्यघटना १८४८ ची. तिच्या चौथ्या कलमात असेंब्लीच्या मतदारसंघांची अशीच चतुःसीमा दिली आहे: मतदारसंघ 'सलग' भूभागाचा असावा आणि शक्य तितका आटोपशीर असावा. आता आपल्या भागातला नकाशा डोळ्यांपुढे आणा. शहरं वाढत जातात, आजूबाजूच्या टाउनच्या, म्हणजे इथल्या ग्रामपंचायतीसारख्या भागाच्या, हद्दीतली जमीन टप्प्याटप्प्याने शहरात घेतात, आणि टाउनचे बारके तुकडे मध्येच अडकून राहतात. सगळीकडून शहर, मध्ये पाच-सात घरं टाउनची. अशा तुकड्यांना इथे बेटं म्हणतात. मतदारसंघ टाउननुसार जोडला की ही बेटं मूळ तुकड्यापासून दूर, दुसऱ्याच मतदारसंघाच्या पोटात पडलेली दिसतात.

२०२२ च्या नोव्हेंबरमधली गोष्ट. दुपारी तीनच्या सुमाराला एक बाई आमच्या टेबलाशी आल्या, हातात ओला रेनकोट. नाव आणि पत्ता मोठ्याने सांगितला. मी यादी चाळली, नाव नाही. परत चाळली. त्या म्हणाल्या, समोरच्या घरातली माणसं आत्ता इथूनच मत देऊन गेली. आमच्या मुख्य बाईंनी भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवून दाखवलं, की रस्त्याची तुमची बाजू टाउनमध्ये येते. तुमचं केंद्र पलीकडे, चार मैलांवर, आणि तुमची असेंब्लीची मतपत्रिकाही निराळी. बाई मिनिटभर नकाशाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे माझा आमदार माझ्या रस्त्याचा नाहीच?" आणि रेनकोट चढवून चालत्या झाल्या. त्या तिकडे पोहोचल्या की घरी गेल्या, मला माहीत नाही.

तर हा 'सलग' शब्द. २०२० च्या जनगणनेनंतर गव्हर्नर एका पक्षाचे, विधिमंडळ दुसऱ्याचं, दोघांचं जुळेना, म्हणून प्रकरण राज्याच्या कोर्टात गेलं. २०२१ च्या नोव्हेंबरात कोर्टाने चार विरुद्ध तीन मतांनी ठरवलं, की जुन्या नकाशात कमीत कमी बदल करायचे. त्याच निकालात हेही म्हटलं, की बेटं असली तरी मतदारसंघ कायद्याने सलगच धरायचा. मार्च २०२२ मध्ये कोर्टाने एव्हर्स यांचा नकाशा निवडला. मिलवॉकीत कृष्णवर्णीय बहुमताच्या मतदारसंघांची संख्या त्यात वाढवली होती, त्यावर सुप्रीम कोर्टाने बोट ठेवलं आणि नकाशा परत पाठवला. एप्रिलमध्ये राज्याच्या कोर्टाने, पुन्हा चार विरुद्ध तीन, विधिमंडळाचा नकाशा मान्य केला.

मग २०२३ च्या एप्रिलमध्ये कोर्टाच्या एका जागेसाठी निवडणूक झाली. हो, इथे न्यायमूर्ती निवडून येतात, दहा वर्षांसाठी. आपल्याकडच्या माणसाला हे पचायला वेळ लागतो. मलाही अजून पुरतं पचलेलं नाही. जॅनेट प्रोटासिविझ जिंकल्या. प्रचारातच त्या नकाशांना 'रिग्ड', म्हणजे लबाडीने आखलेले, म्हणाल्या होत्या. १ ऑगस्टला त्यांनी शपथ घेतली आणि २ ऑगस्टला नकाशाविरुद्ध नवी याचिका दाखल. २२ डिसेंबरला निकाल आला, चार विरुद्ध तीन: ९९ पैकी निदान ५० असेंब्ली मतदारसंघ आणि ३३ पैकी निदान २० सेनेट मतदारसंघ सलग नाहीत, म्हणून घटनेत बसत नाहीत. नकाशा पक्षपाती आहे का, हा मुद्दा कोर्टाने सुनावणीलाच घेतला नव्हता. सगळं 'सलग' या एका शब्दावर.

घटनेत कानामात्रेचा फरक नाही. शब्द तोच, बेटं तीच. दोन वर्षांत त्यांचा अर्थ उलटा झाला, कारण सातातल्या एका खुर्चीवरचं माणूस बदललं. विरोधातल्या तीन न्यायमूर्तींनी आपल्या निकालपत्रांत बहुमताला झोडपून काढलं आणि त्यांचा राग मला समजतो. निकालाने जे झालं ते मला बरं वाटतं, आणि ज्या रीतीने झालं ते बरं वाटत नाही. आमच्या बांधाच्या दाव्यात न्यायाधीश बदलला की वडील देवळात जायचे. राज्याच्या नकाशासाठीही तेच करायचं असेल तर मग कठीण आहे.

पुढचं भरभर सांगतो. कोर्टाने नेमलेल्या दोन तज्ज्ञांनी आलेले नकाशे तपासले आणि रिपब्लिकनांच्या बाजूचे दोन विचारातही घ्यायच्या लायकीचे नाहीत असं कळवलं. कोर्ट कोणता नकाशा लादेल या धास्तीने विधिमंडळाने एव्हर्स यांचाच नकाशा मंजूर केला आणि गंमत म्हणजे बहुतेक डेमोक्रॅट आमदारांनी त्याच्या विरोधात मत दिलं. १९ फेब्रुवारी २०२४ ला गव्हर्नरांची सही झाली. २०११ च्या नकाशात मधोमध कापलेलं शबॉयगन शहर पुन्हा एका मतदारसंघात आलं. त्या नोव्हेंबरमध्ये असेंब्लीत रिपब्लिकन जागा ६४ वरून ५४ वर आल्या, सेनेटमध्ये २२ वरून १८ वर. बहुमत त्यांचंच राहिलं. त्याच दिवशी राज्यात ट्रम्प जिंकले होते, त्यामुळे हे बहुमत खोटं म्हणायलाही जागा नाही. बदललं ते एवढंच, की आता दोन्ही पक्षांना जिंकायची आशा आणि हरायची भीती, दोन्ही आहे.

आपल्यातले काही जण म्हणतील, रिपब्लिकनांवर एवढं लिहिलंत, दुसऱ्यांचं काय? दोन तास गाडी हाकून इलिनॉयमध्ये जा. तिथे सगळी सत्ता डेमोक्रॅटांकडे. २०२१ मध्ये त्यांनी जनगणनेचे आकडे यायच्या आधीच सर्वेक्षणाच्या अंदाजांवर विधिमंडळाचा नकाशा उरकून टाकला. फेडरल कोर्टाने तो घटनाबाह्य ठरवला, कारण मतदारसंघांच्या लोकसंख्येत भलतीच तफावत निघाली. सुधारून आणलेला नकाशाही त्याच पक्षाने काढला आणि तो टिकला. शिकागोतल्या आपल्या मंडळींनी या बाबतीत आम्हाला उपदेश करू नये.

"त्यापेक्षा आपला भारत बरा", हेही मी ऐकलंय. काही बाबतीत बराच. तिथे विधानसभेचे मतदारसंघ आमदार आखत नाहीत, परिसीमन आयोग आखतो. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या आयोगाच्या आराखड्याने २००९ साली आमचा भिलवडी-वांगी मतदारसंघ नकाशावरून गेला आणि पलूस-कडेगाव आला. पुण्यात भवानी पेठ, शुक्रवार पेठ गेले, कोथरूड, हडपसर आले. आमच्या चुलत्यांनी चार दिवस कुरकुर केली आणि नव्या मतदारसंघाच्या राजकारणाला लागले. कोर्टात कुणी गेलं नाही, कारण घटनेच्या ३२९ व्या कलमाने ते दार बंदच आहे. गुजरातच्या बारडोलीच्या प्रकरणात जुलै २०२४ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ते थोडं किलकिलं केलं: आयोगाचा आदेश उघडउघड मनमानी असेल तर न्यायालय बघू शकेल. पण महापालिकांचं बघा. मुंबईचे प्रभाग २२७ की २३६? एका सरकारने वाढवले, दुसऱ्याने कमी केले, शिवाय ओबीसी आरक्षणाचा वाद. मार्च २०२२ मध्ये मुदत संपलेल्या महापालिकेची निवडणूक तीन वर्षांहून जास्त काळ लोंबकळली. रेषा ओढणारा हात सत्तेतला असला की मुंबई काय आणि मॅडिसन काय.

म्हणून मला वाटतं, हात बदलला पाहिजे. शेजारच्या आयोवात १९८० पासून विधिमंडळाच्या कचेरीतले पगारी कर्मचारी नकाशा काढतात. त्यांना पक्षनिहाय मतं बघायची नाहीत, विद्यमान आमदार कुठे राहतो ते बघायचं नाही. मिशिगनने २०१८ मध्ये जनमताने १३ सामान्य नागरिकांचा आयोग आणला. तोही चुकला: डेट्रॉईट भागातले १३ मतदारसंघ वंशाच्या आधारे आखले म्हणून फेडरल कोर्टाने डिसेंबर २०२३ मध्ये रद्द केले. तरी ती चूक उघड्यावर, सुनावण्यांत, लोकांसमोर झालेली होती. रस्त्यापलीकडच्या कुलूपबंद खोलीत नाही. आपल्याकडे अडचण अशी, की विस्कॉन्सिनमध्ये नागरिकांना सह्या गोळा करून घटनादुरुस्ती जनमताला टाकता येत नाही. ती आधी विधिमंडळाने लागोपाठच्या दोन सत्रांत मंजूर करावी लागते. म्हणजे बांध कोरणाऱ्यानेच मोजणीचा अर्ज करायचा. २०२३ च्या सप्टेंबरात कोर्टाची तलवार डोक्यावर आली, तेव्हा असेंब्लीच्या नेत्यांना एकदम आयोवाची आठवण झाली. गव्हर्नरांनी ती बनवाबनवी म्हणून झिडकारली. मला अजून वाटतं, त्या दिवशी त्यांनी बसून बोलायला हवं होतं.

आता माझं मागणं. २०२४ चा नकाशा हा साधा कायदा आहे. २०३० ची जनगणना झाली की २०३१ मध्ये तो पुन्हा आखला जाईल, पुन्हा वाद होईल, आणि पुन्हा सात खुर्च्यांसमोर जाईल. त्यातल्या २०२३ आणि २०२५ मध्ये भरलेल्या दोन खुर्च्या तेव्हाही त्याच असायच्या आहेत. उरलेल्या पाच २०२६ ते २०३० या काळात, दर एप्रिलला एक, अशा निवडल्या जाणार. म्हणजे २०३१ चा निकाल देणारे लोक या एप्रिलांतच ठरतात. आणि इथे तुमच्या मतदारसंघाच्या रेषेला काही अर्थ नाही, अख्खं राज्य म्हणजे एकच मतदारसंघ. मॅडिसनचं मत, ब्रुकफिल्डचं मत, ग्रीन बेचं मत, सगळी एकाच पेटीत. "इथला निकाल ठरलेला असतो" ही सबब एप्रिलला चालत नाही.

ज्यांना हे कळतं ते पैसे ओततात. २०२५ च्या एका जागेच्या निवडणुकीत सुमारे १० कोटी डॉलर खर्च झाले. इलॉन मस्क ग्रीन बेला येऊन मंचावरून दहा दहा लाखांचे दोन धनादेश वाटून गेले. (त्यांचा उमेदवार पडला, ती गोष्ट निराळी.) तरी नोव्हेंबर २०२४ ला राज्यात ३४ लाखांवर लोकांनी मत दिलं होतं, ते एप्रिलला २३ लाखांवर आले. जे अकरा लाख घरी बसले त्यांत आपण बरेच होतो. मला माहीत आहे, कारण त्या दिवशी आमच्या केंद्रावर सकाळपासून मला एकच मराठी आडनाव दिसलं, आणि ते माझ्या बायकोचं होतं.

दुसरं मागणं छोटं आहे. २०३१ च्या सुनावण्या होतील तेव्हा कुणीतरी जाऊन तीन मिनिटं बोला. मराठी मतदारसंघ मागायला नको. तेवढे आपण नाही, आणि असतो तरी मी मागितला नसता. त्या रेनकोटवाल्या बाईंचं सांगा. तुमच्या रस्त्याचं सांगा. तुमची शाळा, तुमचं देऊळ आणि तुमचं पाण्याचं बिल एका गावाचं आणि आमदार दुसऱ्याच गावाचा असेल तर ते सांगा.

बाकी भेटीत. येत्या एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी सकाळी सात ते रात्री आठ मी नेहमीच्या टेबलावर असेन. फोटो असलेलं ओळखपत्र विसरू नका. आणि मी ओळखत असलो तरी "अरे, मी!" म्हणून पुढे जाऊ नका, नाव आणि पत्ता मोठ्यानेच सांगावा लागतो.

तुमचाच,
यादी चाळणारा शेजारी